तळ्यातले मासे रोज एक-दोन मरतायत? फ्लोराइडचं नाव घेण्याआधी हे तपासा

माझा धंदा पंप दुरुस्तीचा. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या कुळागरांत (माडा-पोफळीच्या बागांत) मोटर बसवणं, फूटव्हॉल्व्ह बदलणं हे करता करता मी माशांत शिरलो. पंप बंद पडला की मासे मरतात आणि मासे मेले की लोक पंपवाल्यालाच बोलावतात. पुढे मी स्वतःही एका बंद चिरेखाणीच्या (जांभा दगड कापायच्या खाणीच्या) तळ्यात रोहू-कटला सोडले. तेव्हापासून एकच तक्रार इतक्यांदा ऐकलीय की समोरच्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मी पायात चप्पल सरकवतो. "रोज एक-दोन मरतायत हो, आणि पाणी तर काचेसारखं!" हल्ली त्याला एक शेपूटही असतं: "फ्लोराइड असणार. मोबाइलवर वाचलं."

बहुतेक वेळा ते फ्लोराइड नसतं. पण जेव्हा असतं, तेव्हा आपल्या गोव्याच्या पाण्यात ते पुस्तकातल्या आकड्यापेक्षा लवकर चावतं. त्याचं कारण आपल्या पाण्यातच आहे, ते खाली सांगतो. आधी मासे नीट बघू.

लक्षणं

मासा मेला म्हणून फोन करण्याआधी जिवंत मासे दोन दिवस बघा, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला. कधी मरतात आणि कसे मरतात, यातच अर्धं उत्तर असतं.

पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात, ऊन चढलं की खाली जातात: प्राणवायू कमी.

एका रात्रीत लहान-मोठे सगळे उताणे, काठावर खेकडे, कोळंबी, पाण्यावर धावणारे किडेसुद्धा मेलेले: कीटकनाशक. किडे आणि कोळंबी माशांच्या आधी जातात, हे लक्षात ठेवा. किडे मजेत आणि मासेच मेलेत, तर फवारणीवाल्या शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका.

कल्ल्यांवर तांबूस-नारिंगी साका: बोअरवेलचं लोखंड.

आणि हे लक्षण नीट वाचा. मासे आठ-दहा दिवस खाणं टाकतात. डोकं मोठं आणि पाठ सुरीसारखी दिसायला लागते. अंगावर बुळबुळीत जाड थर येतो, हातात घेतला तर लाळेसारखे धागे लोंबतात. तळाशी सुस्त पडून राहतात, मध्येच वेड लागल्यासारखे सुसाट पळतात, कडेला आपटतात, पुन्हा पडून राहतात. रोज एक-दोन जातात, बहुधा लहान आधी. काही मेलेले वाकून ताठ झालेले सापडतात. पहाट-दुपार असा फरक नाही. हे सगळं फ्लोराइडचं लक्षण आहे. पण तेच आम्लाचंही आहे, विरघळलेल्या ॲल्युमिनियमचंही आहे, अमोनियाचंही आहे. नुसत्या डोळ्यांनी त्यांत फरक करता येत नाही. म्हणूनच पुढची उतरंड.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा आणि तळव्याकडे बघा. कोपर बुडायच्या आतच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ फार आहे. दिवसा ते प्राणवायू देतं, रात्री तोच ओढून घेतं, आणि सूर्य उगवायच्या वेळी तळ्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. उपाय: खाद्य बंद, आणि पहाटे तीनपासून पंप लावून पाणी उंचावरून तळ्यातच परत पाडा. पाइपच्या तोंडाला भोकं पाडलेला पत्रा लावला तर पाणी फुटून पडतं, हवा जास्त मिसळते. फोंड्याकडे एका बाईंनी पत्र्याऐवजी जुनी भाताची चाळण लावली होती. माझ्या पत्र्यापेक्षा ती बरी चालली.

दुसरी: पाणी कुठून येतं? नळाचं येत असेल तर त्यात क्लोरीन आहे. ओपाचं असो, अस्नोड्याचं असो, शुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी जंतू मारूनच येतं, आणि कल्ला काही जंतूंहून कणखर नसतो. "थोडंच घातलं" असं सगळेच म्हणतात. नळाचं पाणी टाकीत चोवीस तास उघडं ठेवून, ढवळून मगच सोडा. ओहोळाचं पाणी घेत असाल तर उन्हाळ्यात वरच्या अंगाला ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारणारे महाभाग असतात, तिकडे एक चक्कर टाका. वास येतो.

तिसरी: बोअरवेल. जांभ्या दगडाच्या पट्ट्यातलं खोल पाणी वर येतं तेव्हा त्यात प्राणवायू जवळपास नसतो, आणि बऱ्याच ठिकाणी विरघळलेलं लोखंड असतं. स्वच्छ काचेच्या पेल्यात ते भरून ठेवा. संध्याकाळपर्यंत पिवळं-तांबूस झालं आणि तळाला गाळ बसला, तर तेच लोखंड तळ्यात माशाच्या कल्ल्यावर बसतंय. पाणी थेट तळ्यात सोडू नका. आधी एका खड्ड्यात सोडा, चिऱ्यांच्या दोन-चार पायऱ्यांवरून खाली पाडा, गाळ बसू द्या, मग तळ्यात.

चौथी माझी आवडती, आणि हिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. काठावरच्या गोगलगायी बघा. शंखाची टोकं झिजून पांढरी, खडूसारखी झालीत? की गोगलगायीच नाहीत? मग तळ्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी आहे, पाणी अगदी मऊ आहे. घरातही कळतं: साबण लावला की फेस निघतच राहतो, न्हाणीतल्या भाणाला (पाणी तापवायच्या भांड्याला) वर्षानुवर्षं आतून पांढरा थर धरत नाही. माणसाला असं पाणी गोड लागतं. पण त्यात राहणाऱ्या माशाला चुन्याचं संरक्षण मिळत नाही. हा मुद्दा पुढे तीनदा येईल, कारण सगळा पेच इथेच आहे.

थोड्या पैशांतल्या तपासण्या

मत्स्यालयाच्या दुकानात पीएच (आकडा जितका खाली तितकं पाणी आम्ल), अमोनिया आणि कठीणपणा (पाण्यात चुना किती ते) मोजायचे थेंबांचे किट मिळतात. सगळे मिळून एका बऱ्या फूटव्हॉल्व्हच्या किमतीत येतात. पट्ट्यांपेक्षा थेंबांचे घ्या, पट्टी ओलसर झाली की खोटं बोलते. आपल्याकडे जूनपासून कुठली वस्तू ओलसर होत नाही?

पीएच सकाळीही बघा आणि दुपारीही. साडेसहा ते साडेआठमध्ये असेल तर ठीक. साडेपाचच्या खाली गेला तर थांबा, फ्लोराइड विसरा. जांभी माती मुळात आम्लधर्मी आणि ॲल्युमिनियमने भरलेली असते. पाणी आम्ल झालं की ॲल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि कल्ल्यावर बसतं. मासा बुळबुळीत होतो, धापा टाकतो, मरतो. पहिल्या पावसात डोंगरावरचं पाणी उतरतं, चढणीचे मासे शेतात शिरतात, पोरं खोळ घेऊन पळतात, नेमक्या त्या आठवड्यात चिरेखाणीतल्या तळ्यांतून मला फोन येतात. त्यातले बहुतेक या कारणाचे.

अमोनिया दिसला तर खाद्य बंद, पाव भाग पाणी बदला, दोन दिवसांनी परत मोजा. एक सावधगिरी: पीएच जितका वर, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. म्हणून अमोनिया असलेल्या तळ्यात घाईने चुना ओतणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कठीणपणाचा आकडा वहीत लिहून ठेवा. जांभ्याच्या तळ्यांत मला लिटरला वीस-तीस मिलिग्रॅमच्या आतले आकडे कितीदा तरी मिळालेत. मासे पाळायला निदान पन्नास हवेत असं मी धरतो.

आणि टीडीएसचा मीटर? तो पेनासारखा, बटण दाबलं की आकडा दाखवणारा? तो खिशात ठेवा. त्याला फ्लोराइड ओळखता येत नाही. साखळीकडे एकाने मला मीटर दाखवून सांगितलं, "बघा, चाळीस! फ्लोराइड चाळीस आहे." ते चाळीस म्हणजे पाण्यातले सगळे क्षार मिळून. त्या आकड्यातून निघालं एवढंच की पाण्यात क्षार फार कमी आहेत, म्हणजे चुनाही कमीच. त्याची भीती खोटी होती, पण मीटरने नकळत खरा दोष दाखवला होता.

फ्लोराइड येणार कुठून?

मोजण्याआधी हा प्रश्न विचारा. गोवा काही फ्लोराइडचा पट्टा नव्हे. राजस्थान, तेलंगणातलं नलगोंडा, महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, तिथे खडकातूनच ते पाण्यात उतरतं आणि गावंच्या गावं दात-हाडांनी त्रासलेली आहेत. आपल्याकडचा जांभा तसा नाही. म्हणून इथल्या तळ्यात फ्लोराइड सापडलं तर बहुधा कोणीतरी आणून टाकलेलं असतं, आणि ही चांगली बातमी आहे, कारण आणणारा सापडला की बंद करता येतं.

मी तीन ठिकाणं बघतो. एक, सुपर फॉस्फेट. खनिज फॉस्फेटमध्ये शेकडा तीन-चार फ्लोरिन असतं, त्यातलं बरंच खतात उतरतं, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये शेकडा एक-दोन धरा. तळं हिरवं करायला थोडं सुपर फॉस्फेट घालायची रीतच आहे. पण तीनशे चौरस मीटरच्या तळ्यात आख्खं पन्नास किलोचं पोतं रिकामं करणारे मी पाहिलेत. माडा-पोफळीच्या मुळांत घातलेलं खत पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरच्या तळ्यात येतं ते वेगळंच. दोन, वीटभट्टी. माती भाजताना तिच्यातलं फ्लोराइड धुरात जातं आणि आसपास बसतं. तीन, आम्लं. फरशी आणि गंज साफ करायच्या काही द्रावणांत फ्लोराइडचे क्षार असतात. स्टेनलेस स्टीलच्या जोडावरचा काळेपणा काढायला वेल्डर जी पिकलिंग पेस्ट लावतात तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं.

हे तिसरं मी जवळून पाहिलं. एका फार्महाऊसच्या अंगणात शोभेचा तलाव, साधारण वीस हजार लिटरचा, त्यात कोई आणि काही रोहू. चवथीच्या आधी घरमालकाने वर जिन्याला चकचकीत रेलिंग बसवून घेतलं. वेल्डरने पेस्ट ब्रशने फासली, अर्ध्या तासाने पाइपने धुतली. पायऱ्यांवरून पाणी ओघळत ओघळत तलावात. दुसऱ्या दिवशी अकरा मासे वर. मी पोचलो तेव्हा काठाच्या चिऱ्यावर एक फिकट रेघ उठली होती, जिथून पाणी उतरलं तिथे शेवाळ जळून दगड नवा दिसत होता. पीएच पाचच्या खाली. मी त्या रेघेचा फोटो काढला, रिकामा डबा कचऱ्यातून शोधला, बाहेरून हातमोजे घालून लेबल वाचलं आणि मग पाण्याचा नमुना पाठवला. फ्लोराइड आलं लिटरला साडेतीन मिलिग्रॅम.

आता गंमत बघा. ते अकरा मासे फ्लोराइडने मेले नव्हते. साडेतीनने एका दिवसात मासा मरत नाही. ते आम्लाने गेले. पण पीएच आम्ही दोन दिवसांत सुधारला, तरी उरलेले मासे तीन आठवडे खाईनात, बुळबुळीत होत गेले, सुकले. माझ्या मते ते काम फ्लोराइडचं. दोन-तृतीयांश पाणी काढून विहिरीचं भरलं, चुना दिला, तेव्हा कुठे ते खाद्यावर आले.

माशाच्या आत काय बिघडतं

मी डॉक्टर नव्हे, पण पंपवाला आहे आणि इथे प्रश्न पंपाचाच आहे.

गोड्या पाण्यातला मासा म्हणजे खारट पाण्याची पिशवी मऊ पाण्यात सोडलेली. बाहेरचं पाणी सारखं आत शिरतं आणि आतलं मीठ सारखं बाहेर झिरपतं. कल्ल्यातल्या खास पेशी पाण्यातून मीठ परत आत ओढतात, मूत्रपिंड जास्तीचं पाणी बाहेर फेकतं. दोन्ही पंप चोवीस तास चालू. फ्लोराइड त्या पंपांना चालवणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. खाल्लेल्या साखरेतून शक्ती काढणाऱ्या साखळीत एनोलेज नावाचं एक एन्झाइम आहे, मॅग्नेशियमवर चालणारं. फ्लोराइड तिथेही अडकून बसतं. म्हणजे मोटरही बसली आणि विजेचा दाबही गेला. मासा खाद्याजवळ असून वाळतो तो यामुळे.

कल्ल्याचं झाकण उचलून बघा. निरोगी कल्ला लालभडक, विंचरलेल्या कंगव्यासारखा, दात सुटे सुटे. त्रासलेला कल्ला फिकट, सुजलेला, दात चिकट लाळेत एकमेकांना चिकटलेले, ओल्या झाडूसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच गोष्टी मोठ्या दिसतात: पातळ पापुद्र्यांवरचं आवरण सुटून उचललेलं, पेशी वाढून शेजारचे पापुद्रे एकमेकांत मिळालेले. श्वास घ्यायची जागाच कमी झाली. आपल्या देशातल्या प्रयोगशाळांत मागूर (आमच्याकडचा थिगूर), शिंगी, मरळ, रोहू यांना सोडियम फ्लोराइडच्या पाण्यात ठेवून हेच पुन्हा पुन्हा दिसलंय. यकृताच्या पेशींत पोकळ्या पडतात, काही पेशी मरतात. मूत्रपिंडाच्या नळ्या सुजतात, गाळणीच्या गुच्छांचा आकार बिघडतो. स्नायूंतलं प्रथिन घटतं.

साठतं मात्र ते हाडांत. हाडाच्या खनिजात फ्लोराइड घट्ट बसतं, मांसात त्या मानाने फार कमी राहतं. म्हणून मासा जगला तरी पाणी सुधारल्यावर हाडातलं लगेच जात नाही, आणि काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे अशा तळ्यातले खाऊ नयेत असं मी सांगतो. मेलेले तर कोणतेच नाही. कोणी म्हणतं, "तळून घेतो." आम्ल तळून जात नाही हो, फ्लोराइडही नाही.

चुना का महत्त्वाचा

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १.३ मिलिग्रॅम फ्लोराइड मुळातच असतं. बांगडा, तारली, इसवण, सगळे त्यात आयुष्य काढतात, कोणाचं काही बिघडत नाही. कारण त्याच लिटरात चारशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, आणि क्लोराइडचा तर महापूर. कॅल्शियम फ्लोराइडला गुंतवतं, कल्ल्याची त्वचा घट्ट ठेवतं, क्लोराइड त्याला आत शिरू देत नाही. म्हणून खाजनातल्या (भरतीच्या पाण्यालगतच्या शेतातल्या) मानशीजवळच्या, म्हणजे बांधाच्या दाराजवळच्या, तळ्यावर हा लेख वापरू नका, तिथे भरतीच चुना आणून देते.

आपल्या चिरेखाणीत नेमकं उलट. इंद्रधनुषी ट्राउट माशावर केलेला १९८३ साली छापलेला एक प्रयोग आहे. कठीणपणा १७ असलेल्या पाण्यात चार दिवसांत निम्मे मासे मारायला लिटरला ५१ मिलिग्रॅम फ्लोराइड पुरलं. कठीणपणा ३८५ केल्यावर त्यालाच १९३ लागलं. जवळजवळ चौपट. आणि हे मरणाचे आकडे झाले, त्रासाचे नव्हेत. अमेरिकेत कोलंबिया नदीवर ॲल्युमिनियम कारखान्याच्या पाण्यामुळे जॉन डे धरणाजवळ लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड होतं, तेवढ्याने सामन मासे धरण चढायला रेंगाळत होते. सामन नाजूक, रोहू-थिगूर बरेच काटक. तरीही "पिण्याच्या पाण्याची मर्यादा १.५, आमचं १.२, म्हणजे मासे सुरक्षित" हा हिशोब चुकतो. भारतीय मानकात १ ही इष्ट आणि पर्याय नसेल तर १.५ ही कमाल मर्यादा आहे, पण ती दिवसाला काही लिटर पिणाऱ्या माणसासाठी. मासा त्यात राहतो.

फ्लोराइड मोजणं

वरचं सगळं बघून झालं, तरी मासे तसेच, आणि फ्लोराइड यायला एखादी वाट दिसतेय, तरच.

जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायचं शिक्षण आणि किट दिलंय, त्यात फ्लोराइडची परीक्षाही असते. पंचायतीत विचारा. परीक्षा रंगाची: गुलाबी-लाल द्रावण फ्लोराइडमुळे फिकं पडतं, जेवढं फिकं तेवढं जास्त. पण ताज्या नळाच्या पाण्यातला क्लोरीनही रंग उडवतो, म्हणून नसलेलं फ्लोराइड दिसतं. उलट ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवतं, म्हणून असलेलं दिसत नाही. जांभ्याच्या, त्यात आम्ल पाण्यात दुसरी चूक व्हायची भीती जास्त. किटचा आकडा संशयापुरता, निकाल प्रयोगशाळेतल्या फ्लोराइड इलेक्ट्रोडचा. तिथे आधी एक द्रावण मिसळून ॲल्युमिनियम-लोखंडाने धरलेलं फ्लोराइड सोडवून घेतात.

नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या, काचेच्या नको, फ्लोराइड काचेशी खेळतं. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, कोपरभर खोलीवरून भरा. एक तळ्यातली, एक येणाऱ्या पाण्याची, एक शेजारच्या निरोगी तळ्यातली. तिसरी बाटली सगळे विसरतात, आणि तिच्याशिवाय पहिल्या दोघींना अर्थ नाही. फ्लोराइड टिकतं, बर्फाची गरज नाही. त्याच वेळी अमोनियाही तपासायचा असेल तर मात्र बर्फ.

आकडा आला की मी असं करतो. अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत: फ्लोराइड सोडा, दुसरं कारण शोधा. अर्धा ते दीड आणि पाणी मऊ: कॅल्शियम वाढवा, महिनाभर बघा. दीडच्या वर: वाट शोधून बंद करा, पाणी बदला, मग कॅल्शियम.

शेतीचा चुना, म्हणजे दळलेला चुनखडीचा दगड, चौरस मीटरला २५ ग्रॅम. चारशे चौरस मीटरच्या तळ्याला दहा किलो. दीड मीटर खोल तळ्यात हा सगळा विरघळला तर कठीणपणा साधारण सोळा-सतराने वाढेल, म्हणून एकाच फेरीत पन्नास गाठायची घाई नको. तीन-चार दिवसांच्या अंतराने, सकाळी, बादलीत कालवून सगळीकडे शिंपडा. पीएच आधीच आठच्या वर असेल तर चुन्याऐवजी जिप्सम: दर हजार लिटरला १७ ग्रॅमने कठीणपणा दहाने वाढतो, पीएच हलत नाही. पानाचा चुना किंवा भाजलेला कळीचा चुना मासे असताना अजिबात नाही, पीएच एका तासात माथ्यावर जातो.

एक गैरसमज. चुन्याने फ्लोराइड "निघून" जात नाही. कॅल्शियम फ्लोराइड तळाशी बसतं हे खरं, पण ते थोडं विरघळतंच, आणि नुसत्या त्याच्या जोरावर पाण्यातलं फ्लोराइड लिटरला साधारण आठच्या खाली येत नाही. आपल्याकडचं दोन-तीन तसंच राहणार. चुना मासा वाचवतो, पाणी शुद्ध करत नाही. ते काम पाणी बदलण्याचं.

तुरटी टाकू नका. नागपूरच्या नीरीने बसवलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढतात, ते खरं. ते टाकीत, मोजून, निवळून, वरचं पाणी काढून घेऊन करतात. मऊ पाण्याच्या तळ्यात तुरटी म्हणजे पीएच खाली आणि ॲल्युमिनियम वर, म्हणजे जे टाळायचं तेच हाताने घातलं.

इथे हात थांबवा

आम्लाचा डबा सापडला, किंवा पाणी उतरलं तिथलं शेवाळ जळलेलं दिसलं, तर पाण्यात हात घालू नका. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सुरुवातीला फारसं झोंबत नाही, कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम ओढतं. कोणाच्या अंगावर उडालं असेल तर वाहत्या पाण्याखाली धुवा, तसेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला आम्लाचं नाव सांगा. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट लागतं, नुसतं भाजल्याचं मलम नाही.

एका रात्रीत सगळं तळं गेलं, किंवा वरच्या नाल्यातून फेस, रंग, वास येतोय, तर पाणी बदलू नका, पुरावा वाहून जाईल. आधी बाटल्या भरा, वेळ लिहा, मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पंचायतीला लेखी कळवा. फोनवरची तक्रार हवेत जाते.

फ्लोराइड दीडच्या वर आलं आणि वाट सापडत नाही, किंवा पंधरा दिवस चुना-पाणी करूनही मासे खात नाहीत, तर मत्स्योद्योग खात्याला किंवा जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेला गाठा. कल्ल्या-यकृताची तपासणी हवी असेल तर मेलेला मासा नेऊन उपयोग नाही, आपल्या उन्हात दोन तासांत आतलं सगळं सडतं. मरणाला टेकलेला पण जिवंत मासा पाण्याच्या पिशवीत न्या, किंवा कल्ल्याचे आणि यकृताचे नखाएवढे तुकडे दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये. हाडातलं फ्लोराइड बघायचं असेल तर आख्खा मासा प्लॅस्टिकमध्ये गोठवून चालतो. आधी फोन करून विचारून जा.

आणि ज्या विहिरीने तळं भरता तीच घरात प्यायला असेल, गुरं तिथेच पाणी पीत असतील, तर मासे नंतर. आकडा दीडच्या वर आला त्या दिवसापासून प्यायला दुसरीकडचं पाणी आणा. उकळू नका, उकळल्याने पाणी आटतं आणि उरलेल्यात फ्लोराइड वाढतं.